पहिली टोचणी स्वतःला

विद्यार्थी मित्रांनो, मृगाचा पाऊस पडला की आपल्या सेनगावच्या शिवारात पेरणीची लगबग सुरू होते. सोयाबीन, तूर आणि हळदीची शेते हिरवीगार होतात. निंदणी-खुरपणीची कामे निघतात. त्याच दिवसांत कोणाला तरी साप चावल्याची बातमी कानावर येते. शहाणी माणसे अशा वेळी मांत्रिकाच्या नादी लागत नाहीत. ती रुग्णाला सरळ सरकारी दवाखान्यात नेतात. तेथे डॉक्टर रुग्णाला सर्पविषावरचे औषध शिरेतून देतात आणि वेळेवर उपचार मिळाले तर रुग्णाचे प्राण वाचतात.

या औषधाच्या कुपीत काय असते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? त्यात घोड्याच्या रक्तातून काढलेली काही खास प्रथिने असतात. घोड्याला सापाचे विष आधी अगदी थोडे आणि मग हळूहळू वाढवत टोचतात. घोड्याचे शरीर त्या विषाला परका पदार्थ म्हणून ओळखते आणि त्याला निकामी करणारी प्रथिने तयार करते. या प्रथिनांना प्रतिपिंडे म्हणतात. डॉक्टर मंडळी त्यांना अँटिबॉडी म्हणतात. प्रतिपिंडाचा आकार साधारण इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. त्याच्या दोन टोकांना ठरावीक आकाराच्या खोबणी असतात. जशी एका कुलपाला एकच किल्ली लागते, तसे एक प्रतिपिंड एकाच आकाराच्या परक्या पदार्थाला जाऊन चिकटते. नागाच्या विषाला चिकटणारे प्रतिपिंड निराळे आणि प्लेगच्या जंतूला चिकटणारे निराळे.

लस मात्र वेगळ्या रीतीने काम करते. सापावरच्या औषधात आपल्याला तयार प्रतिपिंडे मिळतात. लस टोचल्यावर आपले शरीर स्वतःच प्रतिपिंडे तयार करायला शिकते. पहिल्या प्रकारात भुकेल्याला भाकरी मिळते, दुसऱ्या प्रकारात त्याला भाकरी थापायला शिकवले जाते. म्हणूनच लशीचा उपयोग रोग होण्यापूर्वी करायचा असतो.

सर्पविषावरचे औषध आपल्या महाराष्ट्रात दीर्घकाळ ज्या संस्थेत तयार झाले, तिचे नाव हाफकिन संस्था. मुंबईच्या परळ भागात ती आजही उभी आहे. हे नाव गावाचे नाही आणि औषधाचेही नाही. ते एका माणसाचे नाव आहे. तो माणूस आपल्या देशात जन्मला नव्हता आणि आपली भाषा बोलत नव्हता. तरीही आपल्या लोकांचे प्राण वाचावेत म्हणून त्याने आपला प्राण पणाला लावला. त्या वाल्देमार हाफकिन यांची ही जीवनकथा आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात झाला. हे शहर त्या काळी रशियाच्या साम्राज्यात होते, आज ते युक्रेन देशात आहे. घराणे ज्यू धर्माचे होते. ज्यू लोकांना तुम्ही उर्दूत यहुदी म्हणता. घरची परिस्थिती बेताचीच होती. १८७९ साली ते ओडेसाच्या विद्यापीठात शिकू लागले. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे थोर गुरू लाभले. आपल्या रक्तातील काही पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा शोध पुढे याच मेचनिकोव्ह यांनी लावला.

तो काळ रशियातील ज्यू लोकांसाठी फार कठीण होता. १८८१ साली ओडेसात त्यांच्या वस्तीवर हल्ले झाले. तरुण हाफकिन आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. गुरूंनी खटपट केली म्हणून ते सुटले. शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यापीठात मानाची जागा मिळण्याची वेळ आली, तेव्हा त्यांना धर्म बदलण्याची अट घालण्यात आली. हाफकिन यांनी ती अट मानली नाही. मोठी जागा सोडून त्यांनी प्राणिसंग्रहालयातील साधी नोकरी पत्करली. हे संग्रहालय जिवंत प्राण्यांचे नव्हते, अभ्यासासाठी जपून ठेवलेल्या प्राण्यांच्या नमुन्यांचे होते.

तेथे ते सूक्ष्मदर्शकातून एकपेशीय जीवांचे निरीक्षण करू लागले. पॅरामेशियमचे चित्र तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात पाहिले असेल. साऱ्या शरीरात एकच पेशी, आणि त्या पेशीत मोठे आणि लहान अशी दोन प्रकारची केंद्रके. पुढे १८९० साली हाफकिन यांनी एक नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. काही जंतू थेट पॅरामेशियमच्या केंद्रकात शिरून तेथे वाढतात, असे त्यांना आढळले होते. पेशीच्या आतल्या घरात काय चालते हे पाहण्याची त्यांची ही जिज्ञासा लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी आपण पुन्हा त्या घरात जाणार आहोत.

१८८८ साली हाफकिन यांनी मायदेश सोडला. ते आधी स्वित्झर्लंडला आणि मग फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे गेले. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची प्रसिद्ध संशोधन संस्था होती. गुरू मेचनिकोव्हही तेथेच होते. संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन यांनी ग्रंथालयातील सहायकाचे काम घेतले. पुस्तके लावून झाली की उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत. कोणतेही काम त्यांनी कमीपणाचे मानले नाही.

त्या वेळी युरोपात आणि आशियात कॉलऱ्याची साथ वारंवार येत असे. या रोगावर हाफकिन यांनी एक लस तयार केली. सशांवर आणि गिनीपिगवर तिचे प्रयोग झाले. पण माणसाला ती चालेल का? हे कोणाला विचारायचे? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली, काही दिवसांनी सारे ठीक झाले. त्यानंतरच त्यांनी आपल्या मित्रांना लस टोचली.

कॉलऱ्याचा खरा जोर भारतात होता, म्हणून १८९३ साली हाफकिन भारतात आले. उत्तर भारतात आणि कलकत्त्यात त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. हे काम सोपे नव्हते. हातात सुई घेतलेला हा गोरा माणूस आपल्याला काय टोचतो आहे, अशी शंका लोकांच्या मनात येई. ती शंका अगदीच निराधार होती असे आपण म्हणू नये. सरकार परक्यांचे होते आणि लस नवी होती. कलकत्त्याच्या एका वस्तीत तर लोकांनी त्यांच्या पथकावर दगड फेकले. हाफकिन यांनी पोलीस बोलावले नाहीत. त्यांनी सर्वांच्या देखत स्वतःला लस टोचून घेतली. बरोबरच्या डॉक्टरांनीही टोचून घेतली. ते पाहून लोक शांत झाले आणि त्यांतले अनेकजण लस घ्यायला पुढे आले. १८९५ पर्यंत सुमारे ४२,००० लोकांना ही लस टोचून झाली होती.

आता आपण मुंबईकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण आढळला. प्लेगला तुम्ही उर्दूत ताऊन म्हणता. हा रोग उंदरांमध्ये पसरतो आणि उंदरांच्या अंगावरील पिसवा चावल्यामुळे माणसांना होतो. पण त्या वेळी हे ठाऊक नव्हते. पिसवांचा हा दोष १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी शोधून काढला. १८९६ मध्ये एवढेच दिसत होते की घरात उंदीर मरून पडतात, मग माणसाच्या जांघेत किंवा काखेत गाठ येते, ताप चढतो आणि थोड्याच दिवसांत घर ओस पडते.

मुंबई सोडून लोक हजारोंच्या संख्येने गावांकडे निघाले. रोगही त्यांच्याबरोबर निघाला. तो पुण्यात पोहोचला. तेथे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना तोच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारने घरांची झडती, सामानाची जाळपोळ आणि रुग्णांना घरच्यांपासून तोडून दूर नेणे असे कठोर उपाय सुरू केले. लोक रोगाला जितके भ्याले, तितकेच या उपायांना भ्याले.

अशा वेळी सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना प्रयोगासाठी एक लहानशी जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर त्यांनी रात्रंदिवस काम सुरू केले.

लस करायची तर आधी प्लेगचे जंतू पुष्कळ वाढवावे लागतात. हे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढतात. हिंदू लोकांना गाईचे मांस आणि मुसलमानांना डुकराचे मांस चालत नाही, हे जाणून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस वापरले. लस टोचायची होती, खायची नव्हती. तरीही कोणाच्या श्रद्धेला धक्का लागू नये, याची त्यांनी काळजी घेतली. रश्श्यावर ते तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना धरून जंतूंचे पांढरे धागे खाली लोंबू लागत. जंतू पुरेसे वाढले की ते रसायन तापवून जंतू मारून टाकत. मेलेला जंतू रोग पसरवू शकत नाही. पण त्याचे रूप शरीराला दिसते, आणि ते पाहून शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. चोराचा फोटो चौकीत लावला की पोलीस खऱ्या चोराला चटकन ओळखतात, तसाच हा प्रकार आहे.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तिची पहिली टोचणी पुन्हा एकदा स्वतःलाच घेतली. पुढे लोकांना जी मात्रा दिली गेली, तिच्यापेक्षा ही मात्रा बरीच मोठी होती. त्यांना ताप चढला, अंग दुखले. पण प्राणाला धोका झाला नाही.

मित्रांनो, येथे नीट विचार करा. हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतले, त्यामुळे लस घातक नाही एवढे कळले. पण ती प्लेग अडवते का, हे त्यावरून कळले नाही. प्रतिपिंडांची माहिती तर शास्त्रज्ञांना नुकतीच होऊ लागली होती. जर्मनीत बेरिंग आणि जपानचे कितासातो यांनी १८९० साली रक्तातील या गुणाचा शोध लावला होता. पण प्रतिपिंड प्रत्यक्ष पाहण्याचे साधन कोणाजवळच नव्हते. मग लशीचा परिणाम सिद्ध कसा करायचा? हाफकिन यांच्याजवळ एकच उपाय होता, तो म्हणजे मोजणी. लस घेतलेले किती, न घेतलेले किती, दोहोंत आजारी किती पडले आणि मेले किती, हे ते काळजीने लिहून ठेवत.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी स्वखुशीने तयार झाले त्यांना लस टोचण्यात आली. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस घेतली. सर्व कैदी एकाच इमारतीत राहत होते आणि एकच अन्न खात होते. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण मरण पावले. लस घेतलेल्यांपैकी फक्त २ जणांना रोग झाला आणि दोघेही वाचले.

त्यानंतर दमण या गावी मोठी साथ आली. तेथे लस घेतलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ जण दगावले. लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ जण दगावले. म्हणजे पहिल्या गटात शंभरात दोघांहूनही कमी आणि दुसऱ्या गटात शंभरात जवळजवळ पंचवीस.

१८९८ साली बडोद्याजवळच्या उंढेरा गावात याहून चोख परीक्षा झाली. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. घर एक, चूल एक, फरक फक्त लशीचा. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जण आजारी पडले आणि ३ मेले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ मेले. हे आकडे वाचताना वाईट वाटते, कारण प्रत्येक आकडा म्हणजे कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ आहे. पण त्या आकड्यांनीच पुढे लाखो लोकांना लस घेण्याचा विश्वास दिला.

हा विश्वास वाढवण्यात मुंबईतील काही जाणत्या माणसांचा मोठा वाटा होता. खोजा इस्माइली जमातीचे प्रमुख आगाखान तिसरे, म्हणजेच सर सुलतान महंमद शाह, तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपली एक वास्तू दिली. त्यांनी सर्वांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. आपला प्रमुख टोचून घेतो आहे हे पाहून जमातीचे हजारो लोक लस घेण्यास पुढे आले. एक ज्यू शास्त्रज्ञ आणि एक मुसलमान नेता यांनी जातिधर्माचा विचार न करता मुंबईच्या सर्व लोकांसाठी केलेले हे काम आहे. ते आपण विसरता कामा नये.

लशीची मागणी वाढली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. पूर्वी ज्या वाड्यात लाटसाहेब राहत होते, तेथे आता लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

पण यशाच्या वाटेवर एक मोठे संकट दबा धरून बसले होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल या गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. या १९ जणांना एकाच बाटलीतील लस टोचली होती. रोग टाळण्यासाठी विश्वासाने हात पुढे करणारी ही माणसे होती. त्यांच्या घरच्यांचे दुःख केवढे असेल!

सरकारने चौकशी नेमली. बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असे चौकशी मंडळाचे मत पडले. हाफकिन यांनी लस लवकर तयार व्हावी म्हणून कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी रीत सोडून फक्त उष्णता देण्याची रीत घेतली होती. त्यावरही बोट ठेवण्यात आले. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. ज्याने लाखो लोकांना प्लेगपासून वाचवण्याची वाट दाखवली, त्याच्यावर १९ माणसांच्या मृत्यूचा ठपका आला.

हाफकिन लंडनला गेले. त्यांनी कोणावर राग काढला नाही. पुन्हा एकदा पुरावा गोळा करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. हळूहळू खरी गोष्ट पुढे आली. त्या गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. चिमटा नीट निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले होते. शिवाय बाटली भरून ४१ दिवस झाले होते. तिच्यात आधीपासून धनुर्वाताचे जंतू असते तर उघडताना उग्र दुर्गंधी आली असती. तशी दुर्गंधी आलेली नव्हती. म्हणजे दोष प्रयोगशाळेचा नव्हता, तो बाटली उघडतानाच्या निष्काळजीपणाचा होता.

अनेक शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांत डॉक्टर रोनाल्ड रॉस हे प्रमुख होते. आपला मराठवाडा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यातील सिकंदराबाद येथे १८९७ साली रॉस यांनी हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात शोधून काढला होता. १९०७ साली रॉस आणि इतर नामवंतांनी लंडनच्या वृत्तपत्रात पत्र लिहून न्यायाची मागणी केली. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले. या साऱ्यात पाच वर्षे गेली.

हाफकिन पुन्हा भारतात आले आणि कलकत्त्यात रुजू झाले. पण पहिल्यासारखे मोठे काम त्यांच्या वाट्याला आले नाही. निवृत्तीनंतर ते युरोपला परतले. त्यांनी लग्न केले नव्हते. आपली साठवलेली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरी त्यांचे निधन झाले.

मुंबईने मात्र त्यांची आठवण जपली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. ही लस परिपूर्ण नव्हती. ती घेतल्यावर ताप येई आणि तिचे संरक्षण काही महिनेच टिके. पुढे प्लेगवर चांगली औषधे निघाली. १९९४ साली आपल्याच मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात मामला या गावी प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा उपचारांसाठी ती औषधे हाताशी होती. पण १८९७ साली ती कोणाजवळही नव्हती. तेव्हा होती ती फक्त हाफकिन यांची लस.

आता पेशीच्या त्या आतल्या घरात पुन्हा जाऊ या. हाफकिन यांनी तरुणपणी पेशीच्या केंद्रकात जंतू पाहिले होते. आज आपल्याला ठाऊक आहे की केंद्रकात जनुके असतात. कोणते प्रथिन कधी तयार करायचे याची सूचना जनुकात लिहिलेली असते. पण सगळी जनुके एकाच वेळी काम करत नाहीत. बाहेरून निरोप आला की ठरावीक जनुक जागे होते. हा निरोप केंद्रकापर्यंत नेण्याचे काम पेशीतील काही प्रथिने करतात. तहसील कचेरीतून हुकूम निघतो, तो तलाठ्याकडे येतो, तलाठी कोतवालाला सांगतो आणि कोतवाल गावात दवंडी देतो. पेशीतही निरोप असाच एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो.

एनएफ-कप्पा-बी हे अशा निरोप्या प्रथिनांपैकी एक आहे. ते १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी शोधले. एरवी ते केंद्रकाबाहेर स्वस्थ बसलेले असते. जंतू आल्याची खबर मिळताच ते केंद्रकात शिरते आणि शरीराच्या रक्षणाची जनुके जागी करते. गंमत अशी की, प्रतिपिंडांच्या एका भागाच्या जनुकाचा अभ्यास करतानाच हे प्रथिन सापडले.

पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांच्या गर्दीत हा एक निरोप्या शोधायचा कसा? येथे पुन्हा प्रतिपिंडच उपयोगी पडते. शास्त्रज्ञ ते प्रथिन सशाला किंवा उंदराला टोचतात. त्या प्राण्याचे शरीर त्या प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार करते. या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडतात आणि ते पेशींवर सोडतात. मग सूक्ष्मदर्शकातून पाहिले की निरोप्या जेथे असेल तेथे उजेड दिसतो. निरोप येण्याआधीच्या पेशीत हा उजेड केंद्रकाबाहेर दिसतो आणि निरोप आल्यानंतरच्या पेशीत तो केंद्रकात दिसतो. निरोप मिळाल्यावर अनेक प्रथिनांवर फॉस्फेटची बारीकशी खूण उमटते. केवळ ही खूण असलेलेच प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडेही तयार करता येतात. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली, तेव्हापासून हे काम फार सोपे झाले.

याचा रुग्णांनाही लाभ होतो. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईच्या गाठीचा बारीक तुकडा प्रयोगशाळेत जातो. संप्रेरकाचा निरोप घेणारे प्रथिन त्या पेशींत आहे की नाही, हे प्रतिपिंडाच्या रंगावरून कळते. त्यावरून डॉक्टर योग्य औषध निवडतात.

मित्रांनो, हाफकिन यांनी प्रतिपिंड कधी पाहिले नाही. त्यांनी फक्त त्याच्यामुळे वाचलेली माणसे मोजली. आज आपण त्याच प्रतिपिंडाचा दिवा हाती घेऊन पेशीच्या केंद्रकात डोकावतो आहोत. साधने बदलली, पण शास्त्रज्ञाचे काम बदलले नाही. जे सांगायचे ते आधी तपासावे, दुसऱ्याला धोक्यात घालण्याआधी तो धोका स्वतः घ्यावा आणि आळ आला तरी पुराव्याची वाट सोडू नये.

तुम्ही कधी मुंबईला गेलात तर परळला हाफकिन संस्थेपुढे क्षणभर थांबा. आणि आपल्या गावात कोणी लशीला भिऊन घरात बसले असेल, तर त्याच्यावर हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला ही गोष्ट सांगा.

शब्दार्थ

शिवार – गावाभोवतीची शेतजमीन
प्रतिपिंड – परक्या पदार्थाला चिकटून त्याला निकामी करणारे रक्तातील प्रथिन
साथ – एकाच वेळी पुष्कळ लोकांना होणारा रोग
तुटपुंजी – अपुरी
ओस पडणे – रिकामे होणे
धनुर्वात – जखमेतून जंतू शिरल्याने होणारा, अंग ताठ करणारा रोग
ठपका – दोषारोप
दोषमुक्त करणे – दोष नाही असे जाहीर करणे
केंद्रक – पेशीचा मुख्य भाग
निरोप्या – निरोप पोहोचवणारा
दवंडी – मोठ्याने ओरडून दिलेली सूचना

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हाफकिन यांचा जन्म कोठे झाला?
(आ) पॅरिसच्या संस्थेत हाफकिन यांनी प्रथम कोणते काम केले?
(इ) मुंबईत प्लेगचा रुग्ण कोणत्या डॉक्टरांना आढळला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) सर्पविषावरचे औषध आणि लस यांत कोणता फरक आहे?
(आ) उंढेरा गावातील परीक्षा अधिक चोख का मानावी?
(इ) मलकवालच्या घटनेत खरा दोष कशाचा होता? तो कोणत्या पुराव्यांवरून कळला?
(ई) पेशीतील निरोप्या प्रथिन शोधण्यासाठी प्रतिपिंडांचा उपयोग कसा करतात?

३. कारणे द्या.
(अ) हाफकिन यांनी रश्श्यासाठी बकऱ्याचे मांस वापरले.
(आ) कलकत्त्याच्या वस्तीतील लोक लस घ्यायला तयार झाले.

४. वाक्यांत उपयोग करा.
प्राण पणाला लावणे, दबा धरून बसणे, नादी लागणे, धक्का लागणे.

५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा: त्यांच्या लहानपणी गावात कोणत्या रोगाच्या लशी टोचत असत आणि लोक त्यांना का भीत असत? मिळालेली माहिती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.